बारा बाटल्यांतलं लोणचं

वाकोला, सांताक्रूझ पूर्व
२५ जून १९८६

प्रिय कुंदाताई,

सप्रेम नमस्कार. पत्र आलं म्हणून दचकू नकोस, इथे सगळे बरे आहेत. मी मालन. अक्षराला हसू नकोस, शाळा सोडल्यापासून पेन धरलेलंच नाही. इनलँड मुद्दाम आणलं. तूही पोस्टकार्ड पाठवू नकोस हां. आमच्या चाळीत पत्र घरात यायच्या आधी नळावर वाचून होतं.

एक विचारायचं होतं. तू बी.एस्सी.ला जीवशास्त्र घेतलंयस म्हणून तुलाच. तुमच्या पुस्तकात असं कुठे लिहिलंय का, की बाई बाजूला बसलेली असताना तिचा हात लागला तर लोणचं नासतं? म्हणजे ते चार दिवस. माझी एक मैत्रीण आहे, मीरा, ती विचारत होती.

विषय निघाला कारण आमची मोठी बरणी नासली. गेल्या आठवड्यात आईने तोंडाला बांधलेला दादरा सोडला तर वर पांढरी बुरशी, सायीसारखी. अख्ख्या वर्षाचं लोणचं गं. आई बरणीसमोर फतकल मारून बसली आणि म्हणाली, "हे कोणाच्या तरी हाताचं आहे." घरात बायका तीन. आई, मी आणि सुलक्षणावहिनी. आईने बोटांवर दिवस मोजले आणि वहिनीला धरलं. वहिनी म्हणाली, "आई, मी नाय लावलंय हात." आई म्हणाली, "मग काय बरणी आपणहून बाजूला बसली?"

तेव्हापासून आई वहिनीच्या तारखा कॅलेंडरवर लाल पेन्सिलने मांडते. कॅलेंडर दाराशीच आहे. दादाचे मित्र येतात, तेही बघतात. आणि आईने सांगून टाकलंय की यंदा गावी गौरीला वहिनीचा ओवसा नाही. "खोटं बोलणारीच्या हातचं सूप गौरीपुढे नको." तुला माहीतच आहे, लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला नवी सून सूप भरून पुजायला बसली नाही, तर अख्खी वाडी विचारते, का नाही बसली. वहिनीचे आईवडीलही येणार आहेत बघायला.

तर पुस्तकात काय आहे तेवढं कळव. मीरासाठी.

तुझी,
मालन

ता. क. मावशीला पत्र दाखवू नकोस.


मुलुंड पूर्व
३० जून १९८६

प्रिय मालू,

तुझं पत्र! मला वाटलं तुला बोलताही येत नाही. दर दिवाळीला येतेस आणि आईच्या पदरामागे उभी राहतेस.

तुझ्या मीराला सांग, पुस्तकात असं काहीही नाही. पुस्तकात बेडकाच्या पोटात काय आहे त्याची चित्रं आहेत, बाईच्या लोणच्याबद्दल कोणी एक ओळ लिहिलेली नाही. पण मी म्हणते म्हणून मानू नका. आमचे प्रॅक्टिकलचे सर रोज बोंबलतात, "कोणी सांगितलं ते नको, काय दिसलं ते सांगा!" म्हणून करूनच बघा की. दोन स्वच्छ बाटल्या घ्यायच्या, दोन्हींत एकाच बरणीतलं लोणचं. मीराची तारीख आली की एकीत हात घालायचा, दुसरीला हात लावायचा नाही. तीन आठवडे ठेवून बघायचं. झालं. एकदम सोपं.

वहिनीसाठी तुला वाईट वाटतंय, हे वाचून बरं वाटलं. त्या घरात तिला कोणीतरी आहे.

आणि काय गं, गणितात नापास झालीस म्हणून शाळा सोडतात का? वेडी. गणितात तर मी दोनदा आपटले.

तुझी,
कुंदाताई


वाकोला
२६ जुलै १९८६

प्रिय कुंदाताई,

मीराने काही विचारलं नव्हतं. मीच विचारत होते.

तू सांगितलास तसा प्रयोग केला. रद्दीवाल्याकडून जॅमच्या दोन बाटल्या आणल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या, स्टोव्हजवळ वाळवल्या. लहान बरणी चांगली राहिलीय, तिच्यातल्या चार-चार फोडी घातल्या. पाच तारखेला माझी अडचण आली. सहाला दुपारी एका बाटलीत तीन बोटं घातली. आधी दोनदा साबण लावून हात धुतला, निदान वरचं तरी जाईल म्हणून. दुसरीचं झाकणही उघडलं नाही. दोन्ही माळ्यावर पत्र्याच्या डब्यामागे ठेवल्या. काल काढून बघितल्या.

हात घातलेलीवर बुरशी. दुसरी छान.

म्हणजे खरंच आहे ना ताई? पुस्तकात नसलं तरी.

आता लिहितेच, नाहीतर परत लिहिणार नाही. मोठी बरणी मी नासवली. जूनच्या सहा तारखेला वहिनीचे वडील गावाहून आले होते, भाऊराव, आम्ही सगळे भाऊच म्हणतो. दोन खोल्यांत चार दिवस त्यांचा मुक्काम. मला अडचण आली. सांगितलं असतं तर मोरीजवळ चटईवर बसावं लागलं असतं, त्यांच्या डोळ्यांसमोर. ते जेवणार, बाबांशी बोलणार, आणि मी तिथे ताट वेगळं घेऊन. मला लाज वाटली. मी कोणालाच बोलले नाही. आई दिंडोशीला आत्याकडे गेली होती, वहिनी नळावर होती. भाऊंनी जेवताना लोणचं मागितलं. डाव सापडेना. मी मोरीत जाऊन हात धुतले, एकदा नाही, तीनदा, पार कोपरापर्यंत. आणि बरणीत हात घातला, फोडी खाली गेल्या होत्या. भाऊ म्हणाले, "वा, पोरी, झकास." मला ते अजून ऐकू येतं.

नंतर आई वहिनीला बोलत होती तेव्हा मी तिथेच चपात्या लाटत होते. एकसुद्धा चपाती वाकडी झाली नाही.

तू लिहिलंस, तिला त्या घरात कोणीतरी आहे. ते वाचल्यापासून मी वहिनीच्या ताटात वाढतानासुद्धा वर बघत नाही.

मालन


मुलुंड
३० जुलै १९८६

मालू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मी काय लिहू तेच कळेना, म्हणून तू केलंस ते चूक की बरोबर, यावर आधी काहीच लिहीत नाही. बाटल्यांचं लिहिते, कारण तिथे चूक माझी आहे.

सरांना विचारलं. माझ्या वर्गमैत्रिणीचं म्हणून विचारलं, तुझ्यासारखंच. त्यांनी मला सगळ्या लॅबसमोर धुतलं. म्हणाले, एका बाटलीचं झाकण उघडलं, आत हवा गेली, बोटं गेली. दुसरी बंदच. मग बुरशी कशाने आली? चार दिवसांमुळे? बोटांमुळे? की नुसतं उघडण्यामुळे? एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्यास तर उत्तर कोणाला विचारणार? बदलायची ती एकच गोष्ट, बाकी सगळं दोन्हीकडे सारखं. आणि एक-एक बाटली काय कामाची, एखादी उगाचही नासते. माझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तुला "एकदम सोपं" म्हणून लिहिलं होतं ना मी.

दुसरं. तू दोन्ही वेळा हात धुतलेस. आधी तीनदा, मग दोनदा. पुसलेस का गं? कशाने? नीट आठव. तू लिहिलेलं नाहीस.

आता असं कर. बाटल्या बारा. बाजूला बसलेलीचा हात आणि न बसलेलीचा हात, एकाच दिवशी, एकाच लोणच्यात. दोघींनीही सारखाच साबण लावायचा. मग तीन बाटल्यांत हात पुसून, कोरडा करून घालायचा, तीन बाटल्यांत तसाच ओला. दोघींच्या मिळून बारा. प्रत्येकीचं झाकण तेवढाच वेळ उघडं. बाटलीवर फक्त नंबर. कोणता नंबर कोणाचा ते एका कागदावर लिहायचं आणि कागद गुंडाळून ठेवून द्यायचा. तीन आठवड्यांनी जी बघणार, तिला काही माहीत नको. नाहीतर मनात असतं तेच दिसतं माणसाला.

तुझी तारीख जवळ आली असेल, घाई कर. दुसरा हात लागेल. माझी परीक्षा आहे, मला येता येणार नाही. तुझ्या घरात आईनंतर दुसरा हात एकच आहे, मालू.

कुंदाताई


वाकोला
८ ऑगस्ट १९८६

प्रिय कुंदाताई,

पुसले नव्हते. पंचाला हात पुसला तर पंचा विटाळेल, मग कोणीतरी विचारेल, म्हणून. दोन्ही वेळा तसाच हात घातला. हात झटकला होता तेवढाच.

प्रयोग झाला. पाच तारखेला. वहिनीलाच घेतलं.

पण तिला खरं सांगितलं नाही. सांगायला गेले होते, शप्पथ. ती तांदूळ निवडत होती. मी समोर बसले. ती म्हणाली, "काय गो वन्सं, कित्याक तोंड पाडलंस?" आणि मी म्हणाले, कुंदाताईच्या कॉलेजचा प्रयोग आहे, तुझा हात पाहिजे. तुझं नाव पुढे केलं. माफ कर.

ती काय खूश झाली. "माझो हात कॉलेजात जातलो?" म्हणाली. आईला आम्ही एवढंच सांगितलं की कुंदाच्या कॉलेजला लोणचं लागतंय. आईने स्वतः लहान बरणीतलं काढून दिलं, वरून तेलही घातलं. "माझं लोणचं काचेत घालून बघणार होय तुमचे मास्तर? नीट झाकणं लावा." मग आई दिंडोशीला गेल्यावर आम्ही बसलो. मी चटईवर, ती पाटावर. मला अडचण होती ते तिला दिसतच होतं. तू लिहिलंयस त्यात एकीला असावीच लागते, एवढं मी सांगितलं. तिने दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "आई नाय हा तवसर आटपूया. मी मागसून आंघोळ करतंय."

सगळं तू सांगितलंस तसंच केलं. दोघींनी एकाच वडीने हात धुतले. झाकण उघडलं की मी वीस आकडे मोजत होते. पुसायला मी जुन्या परकराचे तुकडे धुऊन कडक वाळवून ठेवले होते, दोघींना एकेक. वहिनीची बोटं चटचट बुडत होती, मी प्रत्येक वेळी काठाशीच थांबत होते. ती म्हणाली, "बाटली चावता काय तुका?" कागद तिनेच लिहिला आणि तिच्या ट्रंकेत ठेवला. म्हणजे कोणता नंबर कोणाचा, मला आठवू नये. मला खरंच आठवत नाही, एक नऊ नंबर सोडून. तो माझा कोरडा होता, नऊवर माझी बोटं घसरली होती.

ती माझ्यासाठी एवढं करत होती आणि समोर कॅलेंडरवर तिच्या तारखांना लाल गोल.

तू शाळेचं विचारलं होतंस. गणितामुळे नाही सोडली. नववीत होते, तुझ्या त्या जीवशास्त्राच्याच तासाला. तो शरीराचा धडा आला तेव्हा बाई म्हणाल्या, हा घरी वाचा, परीक्षेला येत नाही. सगळे हसले. मग तास संपला, मी उठले आणि बाकावर डाग. मागच्या मुलांनी बघितलं. कोणीतरी बाकावर खडूने गोल काढला. दुसऱ्या दिवशी मी पोटात दुखतंय म्हणाले. त्यानंतर रोजच दुखलं. आईला वाटतं गणित.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. पत्र फाडून टाक.

मालन


मुलुंड
१४ ऑगस्ट १९८६

प्रिय मालू,

फाडलं. आधी रडले, मग फाडलं.

बाकावर गोल काढणाऱ्याचं नाव कळव, मी मुलुंडहून येऊन त्याच्या कानाखाली गोल काढते.

आता तुला एक सांगते आणि मग तू मला शहाणी म्हणायचं बंद करशील. मी एवढी पत्रं लिहितेय, बाटल्या मांड, कागद गुंडाळ. पण आमच्या घरात मी अजूनही चार दिवस कपाटाशेजारी वेगळी बसते, आणि आमच्या बरणीला मी आजपर्यंत कधी हात लावून बघितलेला नाही. लावून बघायचं मनातसुद्धा आलं नाही. कॉलेजात मोठ्या बाता. तुझा हात घालायला लावला, माझा खिशात. लाज फक्त तुलाच नाही येत.

पण वहिनीशी खोटं बोललीस ते बरोबर नाही गं. आधी गप्प होतीस, आता तिच्याच हाताने तुझा प्रयोग करवून घेतलास. मी रागावत नाहीये. मला भीती वाटतेय. तुम्ही गावी कधी निघणार?

बाटल्या उघडायच्या वेळी कागद आधी काढू नकोस. आणि कोण बघणार ते ठरलं का?

कुंदाताई


वाकोला
२८ ऑगस्ट १९८६

प्रिय कुंदाताई,

आईने बघितल्या.

मी ठरवलं नव्हतं. परवा बाटल्या माळ्यावरून काढल्या आणि ओळीने खिडकीत मांडल्या. आई म्हणाली, "आण इकडे, तुमचे मास्तर काय सांगणार, मी सांगते." आईचं नाक तुला माहीत आहे. तिला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणजे तू म्हणालीस तशीच बघणारी. वहिनी भिंतीला टेकून उभी, मी वही घेऊन.

आईने एकेक उघडली, वास घेतला, उजेडात धरली. एक, नासली. दोन, बरी आहे. तीन, नासली. बाराच्या बारा. सहा नासल्या, सहा चांगल्या. आणि मग नासलेल्या बाजूला करून आई काय म्हणाली माहितीये? "ह्यांना पाणी लागलंय. कोणी बावळटाने ओला हात घातलाय. लोणच्याला दुसरं काही नको, पाण्याचा एक थेंब बस."

तिचंच वाक्य, ताई. तिला ठाऊक होतं. तरी मोठ्या बरणीच्या वेळी हे तिच्या तोंडून आलंच नाही. तेव्हा एकच गोष्ट डोक्यात.

मग चांगल्यांतली खात्री करायला तिने एका बाटलीतली फोड काढून तोंडात टाकली. "ही तर एक नंबर मुरलीय."

नऊ नंबरची. माझी.

मी वहिनीकडे बघितलं. ती आधीच माझ्याकडे बघत होती.

आई विहिणीसाठी सुपाऱ्या आणायला गेली तेव्हा वहिनीने ट्रंकेतून कागद काढला. ओल्या हाताच्या सहांपैकी पाच नासल्या. कोरड्या हाताच्या सहांपैकी एकच. ओल्यांतली जी वाचली ती माझी. कोरड्यांतली जी नासली ती वहिनीची, तिचं झाकण तिरकं बसलं होतं वाटतं, पण नक्की माहीत नाही. ह्या दोन लिहू की नको, असं मनात आलं. त्या नसत्या तर किती नीट दिसलं असतं. पण मग लिहिल्या. आधीच पुष्कळ लपवलंय.

हाताहाताने मोजलं तर माझ्या दोन नासल्या, वहिनीच्या चार. वहिनी म्हणाली, "म्हणजे माझोच हात वायट." आणि हसली. पण नेहमीसारखं नाही. मग कागदाकडे बघत राहिली. माझ्या नावापुढे "ओला" लिहिलेलं होतं तिथे तिचं बोट थांबलं. म्हणाली, "त्या दिसा भाऊंका लोणचा तू वाढलंस."

विचारलं नाही तिने. नुसतं म्हणाली. मी वही बंद केली आणि पाणी भरायला गेले. नळाला पाणी नव्हतं. मी रिकामी कळशी घेऊन अर्धा तास उभी होते.

विटाळाने नाही नासलं हे मला कळलं. मला वाटलं होतं हे कळलं की हलकं वाटेल. पण लोणचं माझ्या हातानेच गेलंय ना. आणि वहिनीला तर ना विटाळाने घालवलं ना पाण्याने. ते मी गप्प राहून केलं.

तीन तारखेच्या एस्टीने निघतोय.

मालन


मुलुंड
३१ ऑगस्ट १९८६

मालू,

घाईत लिहितेय, निघायच्या आधी मिळावं म्हणून.

दोन वेगळ्या बाटल्या लिहिल्यास, शाब्बास. सरांना दाखवलं, ते म्हणाले, अशी वही आमच्या पोरांची नसते, सगळ्यांची उत्तरं पुस्तकासारखी येतात. मीही खाली मान घातली. आणि वहिनीच्या चार नासल्या म्हणून बाजूला न बसलेलीचा हातच वाईट असतो असं काही काढू नकोस हां, तीन-तीन बाटल्यांवरून एवढं म्हणता येत नाही.

पण बाटल्यांनी सांगायचं तेवढं सांगितलं. पुढचं बाटली नाही सांगणार. आईने सूप कोणाच्या हातात द्यायचं ते ठरवायच्या आधी बोल. नंतर बोललीस तर ते फक्त तुला बरं वाटावं म्हणून होईल.

कुंदाताई


वाकोला
२० सप्टेंबर १९८६

प्रिय कुंदाताई,

काल आलो. तुझं पत्र निघायच्या दिवशी मिळालं होतं. एस्टीत पोलक्यात ठेवलं होतं, घामाने शाई फुटली.

एस्टीत बोलले नाही. गणपती बसले तेव्हाही नाही. दिवसभर बायका घरात, एकटी आई सापडेना. असं मी मनाला सांगत होते. एकदा सापडली होती, विहिरीवर. तेव्हा मी तिला दोर दिला आणि परत आले.

गौरी आली. तेरड्याची गौर, साडी नेसवली, मुखवटा लावला. दुसऱ्या दिवशी ओवसे. माजघरात सगळ्या बायका सुपं भरत होत्या, पानं, फळं, काकड्या. वहिनीचे आईवडील ओटीवर बसलेले. आई सुपं वाटत होती. वहिनी हिरव्या साडीत दाराच्या मागे उभी होती. काकी म्हणाली, "सुलक्षणाचा सूप खंय?" आई म्हणाली, "तिचं यंदा नाही." काकी म्हणाली, "कित्याक?" आईने तोंड उघडलं.

मी म्हणाले, "आई, तो हात माझा होता."

एवढंच म्हणाले. खूप हळू. काकीला ऐकूच नाही गेलं, ती म्हणाली, "काय म्हणता ता?" मग परत म्हणावं लागलं, मोठ्याने, सगळ्यांसमोर. मोठ्या बरणीत हात मी घातला, मला अडचण होती, मी लपवलं, वहिनीने नाही. ओटीवर भाऊ होते, त्यांनाही ऐकू गेलं.

आईने हातातलं सूप खाली ठेवलं. मला वाटलं मारेल. ती म्हणाली, "हात पुसला नव्हतास?"

मी म्हणाले, नाही.

"धुतलास आणि पुसला नाहीस?"

मी म्हणाले, पंचा विटाळेल म्हणून.

मग मी तेही सांगितलं, बारा बाटल्यांचं. नऊ नंबरची फोड तू खाल्लीस ती माझीच, अडचणीतली, असं. काकीने तोंडावर हात ठेवला. आई म्हणाली, "नऊ?" आणि जीभ टाळूला लावली. बहुतेक ती चव आठवत होती.

नंतर तिने स्वतःच्या पुढ्यातलं सूप उचललं, भरलेलं, आणि वहिनीच्या हातात दिलं. माफी वगैरे आमच्या आईला येत नाही. फक्त वहिनीचा पदर सारखा केला. वहिनीने ओवसा केला. भाऊ उठून अंगणात गेले होते, ते मुलीला बघायला आत आले, आणि माझ्यासमोरून गेले ते न बघता. ते बरोबरच आहे.

मला आईने दोन दिवस कशाला हात लावू दिला नाही. अडचण नसताना. बाहेर पडवीत जेवले. वाडीतल्या पोरी येऊन बघून जात होत्या.

वहिनीशी निघायच्या दिवशी बोलले. ती अंथरुणं गुंडाळत होती. मी म्हणाले, वहिनी, मला माफ कर. ती म्हणाली, "माका कागद बघितलंय तेवाच कळला हुता." मी म्हणाले, मग तू का नाही सांगितलंस आईला? ती म्हणाली, "तू सांगशीत म्हणान रवलंय. दोन आठवडे रवलंय, मालन." वन्सं नाही म्हणाली. अजूनही म्हणत नाही. बोलते, पण मालन म्हणते.

इथे आल्या आल्या आईने कॅलेंडर काढून कपाटात टाकलं. चार दिवसांचं मात्र तेच आहे. मी म्हणून बघितलं, आई, बाटल्यांत तर... ती म्हणाली, "बाटल्यांचं बाटल्यांपाशी." पण सकाळी भाजी चिरताना, माझ्याकडे पाठ करून, म्हणाली, "मे महिन्यात लोणचं तू घाल. खांद्यावर कोरडं फडकं ठेवायचं, काय?" कोणत्या दिवशी घालू, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

तुमच्या सरांना वही हवी असेल तर पाठवते. त्यात मी माझं नाव घातलंय, मीराचं नाही.

ताई, तू लिहिलंस तसं आधी बोलले खरी, पण हलकं नाही वाटत. पहिली लाज होती ती कोणी बघेल याची होती. आता सगळ्यांनी बघितलंय, तरी आहेच. वहिनी वन्सं म्हणेल त्या दिवशी कळवीन.

आज दुपारी बारा बाटल्या घासून ठेवल्या. वहिनी आपणहून आली आणि माझ्या शेजारी बसून तिने सहा घासल्या. मग उठून गेली. मी सगळ्या कठड्यावर उपड्या घातल्या. संध्याकाळी उचलताना तिच्या सहांतली एक मी घेतली आणि आत बोट फिरवून बघितलं.

कोरडी होती.

तुझी,
मालन